सत्रे मोजली, माणसे कोण मोजणार?

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले आणि सारा महाराष्ट्र हादरला. चौकशी समिती नेमली गेली, मंत्र्यांच्या भेटी झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात तोच प्रकार घडला आणि पुन्हा तेच सोपस्कार पार पडले. हा क्षोभ योग्यच होता. परंतु कळव्याहून निघणाऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्याने आपण खाली उतरत गेलो, तर ऐरोलीपासून वाशी, नेरूळ, बेलापूर आणि पुढे खारघर-पनवेलपर्यंत अशी कितीतरी माणसे भेटतील, ज्यांच्या जिवाची चिंता कोणतीही समिती करीत नाही. ही माणसे दीर्घकालीन आजारांची आहेत. मूत्रपिंडे निकामी झालेला कामगार आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला बसतो. तो वर्ष काढतो, दोन वर्षे काढतो आणि एक दिवस जातो. दाखल्यावर मूत्रपिंडाचा विकार असे कारण लिहिले जाते. आजार होताच, तेव्हा मृत्यूही आजारानेच झाला असे सर्वजण धरून चालतात. त्या मृत्यूला दूषित पाणी कारण होते काय, उपचाराची वेळ कापली गेली होती काय, जंतुसंसर्ग झाला होता काय, हे कोणी विचारीत नाही.

एका रात्रीत अठरा माणसे मेली तर तो शासनाचा प्रश्न होतो. तीच अठरा माणसे वर्षभरात, वेगवेगळ्या केंद्रांत, वेगवेगळ्या वस्त्यांत एकेक करून मेली तर तो ज्या त्या कुटुंबाच्या नशिबाचा प्रश्न ठरतो. दीर्घकालीन रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात उभाच राहत नाही, याचे मूळ या हिशेबात आहे. आणि हा हिशेब निसर्गाने मांडलेला नाही. ज्या आर्थिक व्यवस्थेखाली आज हे उपचार दिले जातात, तिनेच तो मांडला आहे. डायलिसिस मोफत मिळाले की आपली लढाई संपली, असा जो समज शासनाने पसरविला आहे आणि जो आपल्याही काही मित्रांनी निमूटपणे स्वीकारला आहे, तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

ठेक्याचे अर्थशास्त्र

प्रथम जे मिळाले आहे ते मान्य करू. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्याखाली डायलिसिसचा खर्च शासन भरते. २०१६ साली केंद्राने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. या योजनांपूर्वी डायलिसिस म्हणजे गरिबाने दागिने मोडणे, जमीन विकणे आणि शेवटी घरी परतून मरणाची वाट पाहणे, असाच अर्थ होता. त्या अवस्थेपेक्षा आजची अवस्था बरी आहे, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पुढे. केंद्राच्या कार्यक्रमाची रचना सार्वजनिक-खासगी भागीदारीची आहे. जागा, वीज आणि पाणी शासनाचे; यंत्रे, पाणी शुद्ध करण्याचा संच, लागणारे साहित्य आणि माणसे खासगी भागीदाराची; आणि मोबदला दर सत्रामागे. याच कार्यक्रमाच्या कागदपत्रांत देशाची गरज कशी मांडली आहे पाहा. दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार नवे रुग्ण मूत्रपिंड निकामी होण्याच्या अंतिम अवस्थेला पोहोचतात आणि त्यामुळे ३ कोटी ४० लाख सत्रांची नवी मागणी निर्माण होते. गरज सत्रांत मोजली, पैसे सत्रांवर दिले आणि यशाचे आकडेही सत्रांचेच प्रसिद्ध झाले. सत्राला बसलेला माणूस सहा महिन्यांनी जिवंत आहे की नाही, यावर एका रुपयाचाही व्यवहार अवलंबून ठेवला नाही, तर त्याची नोंद ठेवण्याचे कारण कोणाला उरेल?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजावे. मोबदला नगावर ठरला की नग वाढतो आणि नगामागचा खर्च घटतो. विटा पाडण्याच्या ठेक्यात हे चालेल, कारण कच्ची वीट हातात घेताच कळते. डायलिसिसच्या सत्राचा कच्चेपणा रुग्णाला कळत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवा घेणाऱ्याला आपण काय विकत घेतो आहोत याचे ज्ञान नसते, म्हणून तेथे बाजाराचे नेहमीचे नियम लावता येत नाहीत. पण आपल्याकडे निविदेची पद्धत काय? ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. मग कमीत कमी दरात काम घेणाऱ्याने नफा कोठून काढायचा? यंत्राची किंमत त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आहेत तंत्रज्ञांचे पगार, पाण्याच्या तपासण्या, गाळण्या बदलण्याची मुदत, डायलायझर किती वेळा धुऊन वापरायचा याची संख्या आणि रुग्णाला यंत्रावर ठेवण्याची मिनिटे. रुग्णाची सुरक्षितता नेमकी याच गोष्टींत असते. सर्व ठेकेदार बेइमान असतात असे माझे म्हणणे नाही. इमानदार ठेकेदाराला निविदेत हरविणारी आणि काटकसर करणाऱ्याला जिंकविणारी ही रचना आहे, एवढेच मी म्हणतो.

पाणी आणि घड्याळ

हे केवळ तर्काने सांगून भागणार नाही. दोन गोष्टी आकड्यांत पाहू.

पहिली गोष्ट पाण्याची. डायलिसिसच्या यंत्रात मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका सत्रात ते १२० लिटर झाले. आठवड्याला तीन सत्रे धरली तर वर्षाला १५६ सत्रे आणि १८,७२० लिटर द्रव. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात वर्षाला ७३० लिटर जाते. म्हणजे डायलिसिसच्या रुग्णाचा पाण्याशी सुमारे पंचवीसपट संबंध येतो, आणि तोही पोटाच्या मार्गाने नव्हे, तर एका पातळ पडद्याआडून थेट रक्ताशी. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते आणि त्या पाण्याचा शहराला सार्थ अभिमान आहे. तथापि नळाला येणारे उत्तम पाणी हे डायलिसिसचे पाणी नव्हे. पिण्याच्या पाण्यातील जंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन आपल्या पोटाला बाधत नाही. रक्ताशी त्याचा संबंध आला की तांबड्या पेशी फुटतात. ते कोळशाच्या गाळणीने काढावे लागते आणि गाळणी थकली की क्लोरीन पुढे सरकते. म्हणून प्रत्येक पाळी सुरू होण्यापूर्वी क्लोरीनची तपासणी करावी, ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि जंतू व जंतुविषाची चाचणी ठरावीक मुदतीने करावी, असा जगभर मान्य झालेला नियम आहे. या तपासणीला काही मिनिटे आणि एक जबाबदार माणूस लागतो. हा माणूस सत्रांच्या बिलात दिसत नाही.

हे न केल्यास काय होते, ते १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू गावात दिसले. तलावाचे पाणी शैवालाच्या विषाने दूषित झाले होते, डायलिसिस केंद्रातील शुद्धीकरण अपुरे पडले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मेले. त्यानंतर त्या देशाने डायलिसिस केंद्रांच्या पाण्याबाबत कडक नियम केले. आपल्याकडेही असा धडा मिळाला नव्हता असे नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेले आणि चौदा रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाचे प्रशासन, औषध नियंत्रण करणारी यंत्रणा आणि सत्तास्थाने यांचे साटेलोटे निर्भीडपणे उघडे केले. त्या अहवालाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे की, विष बाटलीत शिरण्यापूर्वी ते कारभारात शिरलेले होते. चौदा मृत्यू एकाच वेळी घडले, म्हणून आयोग तरी बसला. गाळणी थकल्यामुळे महिन्याला एक माणूस अशक्त होत गेला, तर त्याच्यासाठी कोणता लेंटिन येणार?

दुसरी गोष्ट घड्याळाची. सत्र चार तासांचे ठरलेले असते. समजा, पुढच्या पाळीची माणसे दाराशी ताटकळली आहेत म्हणून प्रत्येक सत्रातून पंधरा मिनिटे कापली. वर्षाला १५६ सत्रांत २,३४० मिनिटे, म्हणजे ३९ तास झाले. चार तासांच्या हिशेबाने ही जवळजवळ दहा सत्रे होतात. बिल १५६ चे निघाले, उपचार १४६ चाच झाला, आणि उरलेल्या दहांचे विष रुग्णाच्या अंगात राहिले. वृत्तान्तात मात्र १५६ सत्रे यशस्वीपणे पार पडल्याची नोंद झाली.

मिनिटांची ही चोरी कामगार चळवळीला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांत मालक जेवणाच्या सुटीतून पाच मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे असे करीत वर्षाचे आठवडे लाटीत असत. कारखाने निरीक्षकांनी ते अहवालांतून उजेडात आणले आणि मार्क्सने आपल्या ग्रंथात त्या अहवालांचा भरपूर उपयोग केला. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. घड्याळ कोणाच्या ताब्यात असावे हा सत्तेचा प्रश्न आहे, हे लोखंडे यांना कळले होते. डायलिसिसच्या खाटेशेजारच्या घड्याळालाही तेच लागू आहे.

आणि सत्रांच्या मधल्या दिवसांचे काय? आठवड्यातील तीन सत्रांमध्ये एक खंड दोन दिवसांचा पडतो. त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण वाढते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत आढळले. मग ज्याला आठवड्याला दोनच सत्रे परवडतात त्याची स्थिती काय असेल? सत्र मोफत आहे हे खरे. पण उरण किंवा कर्जतच्या बाजूने येणाऱ्याला रिक्षा आणि गाडीचे भाडे मोफत नाही. त्याचा बुडालेला रोज मोफत नाही, सोबत येणाऱ्या बायकोचा बुडालेला रोजही मोफत नाही. तिसरे सत्र तो सोडतो ते अज्ञानामुळे नव्हे. घरखर्चाचा मेळ बसत नाही म्हणून सोडतो. त्याच्या गैरहजेरीची नोंद 'रुग्ण आला नाही' अशी होते आणि सारा दोष त्याच्या माथी बसतो.

परदेशचा दाखला

खासगी भागीदारीचे समर्थक नेहमी पाश्चात्त्य देशांकडे बोट दाखवितात. मग तिकडेच पाहू. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने डायलिसिसचा भार शासनाच्या विमा योजनेवर घेतला. त्या भांडवलशाही देशात हा एकच मोठा आजार असा, की ज्यासाठी वयाची अट न ठेवता शासन पैसे देऊ लागले. पैसे शासनाचे आणि केंद्रे मात्र नफ्याची, अशी ती रचना होती. परिणामी हा धंदा हळूहळू दोन प्रचंड कंपन्यांच्या हातात एकवटला. १९९९ साली तेथील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात नफ्याच्या केंद्रांतील रुग्णांचा मृत्युदर बिननफ्याच्या केंद्रांपेक्षा २० टक्क्यांनी अधिक आढळला. आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव जाण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी. हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. ज्या रुग्णाला नवे मूत्रपिंड मिळते, तो गिऱ्हाईक राहत नाही. २००२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून निघालेला निष्कर्षही त्याच दिशेचा होता. नफ्याच्या केंद्रांत मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्के अधिक, आणि त्यामुळे अमेरिकेत वर्षाला अंदाजे अडीच हजार अकाली मृत्यू.

२०१८ साली कॅलिफोर्नियात आरोग्य कामगारांच्या संघटनेने या केंद्रांच्या नफ्याला मर्यादा घालण्याचा प्रस्ताव सार्वमतास आणला. तो हाणून पाडण्यासाठी कंपन्यांनी शंभर दशलक्ष डॉलरहून अधिक खर्च केला आणि तो हाणून पाडला. एवढा पैसा प्रचारासाठी जेथून निघतो, तेथे पाण्याच्या तपासणीसाठी पैसा पुरत नाही असे कोणी सांगू नये.

हे आकडे अमेरिकेचे आहेत. आपले कोठे आहेत? नवी मुंबईतील अमुक केंद्रात वर्षभरापूर्वी डायलिसिसवर आलेल्यांपैकी आज किती जिवंत आहेत, किती जणांना तेथे आल्यावर कावीळ 'क' झाली, किती जणांच्या मानेतील नळीला जंतुसंसर्ग झाला, ही माहिती सामान्य नागरिकाला कोणत्या फलकावर वाचावयास मिळते? अमेरिकेतील अभ्यासकांना नफेखोरीचा दोष सिद्ध करता आला, कारण तेथे प्रत्येक रुग्णाची नोंद केंद्रवार ठेवली जाते. येथे तशी नोंद लोकांसमोर नाही आणि म्हणून दोषही नाही, असा हा सोयीस्कर न्याय आहे.

'फुकट मिळते, मग तक्रार कसली?'

यावर तीन आक्षेप येतील. पहिला शासनाचा: आमच्याकडे माणसे नाहीत, खासगी भागीदार आणला नसता तर गरिबाला हेही मिळाले नसते. परंतु डायलिसिसचे तंत्रज्ञ तयार करणे हे काही चंद्रावर जाणे नव्हे. महापालिका व शासकीय रुग्णालयांत पदे निर्माण केली नाहीत, असलेली भरली नाहीत, मग माणसे नाहीत म्हणून काम बाहेर दिले. रिकामी जागा आधी शासनानेच तयार केली आणि तीच नंतर पुरावा म्हणून पुढे केली. शिवाय ठेकेदाराकडे जी माणसे काम करतात ती काही परदेशातून आलेली नाहीत. आपल्याच मुलामुलींना तो कमी पगारावर, कायमपणाच्या हमीवाचून राबवितो. ज्या तंत्रज्ञाची नोकरी पुढच्या महिन्यात राहील की नाही याची खात्री नाही, त्याने गाळणी थकली आहे असे वरिष्ठांना ठणकावून सांगावे, ही अपेक्षा कितपत वास्तव आहे? कामगाराची असुरक्षितता आणि रुग्णाची असुरक्षितता या दोन गोष्टी नाहीत.

दुसरा आक्षेप कायद्याचा आधार घेणाऱ्यांचा: नियम आहेत, तक्रार करा. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. खासगी रुग्णालयांसाठी येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो आणि २०२१ साली त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. ही सुधारणा जनआरोग्याच्या चळवळींनी दीर्घकाळ लावून धरली होती आणि तिचे मोल आहे. परंतु भिंतीवरची सनद कोणाच्या बळावर बोलणार? अल्बर्ट हर्षमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली सांगितले की वाईट सेवेपुढे माणसाला दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. डायलिसिसच्या रुग्णाला सोडून जाता येत नाही. दुसरीकडे खाट मिळेपर्यंत तो जगेलच याची शाश्वती नाही. आणि आवाजही उठविता येत नाही. परवा पुन्हा याच खाटेवर, याच माणसांसमोर हात पुढे करून झोपावयाचे आहे. ज्याचा हात यंत्राला बांधलेला आहे, त्याच्या एकट्याच्या तक्रारीवर सुरक्षिततेची इमारत उभी करणे हा क्रूर विनोद आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच मित्रांचा: आधी सर्वांना डायलिसिस मिळू द्या, दर्जाचे नंतर पाहू. हा युक्तिवाद आपण रेशनच्या धान्याबाबत कधी केला काय? सडका गहू मिळाला तेव्हा 'निदान गहू तरी मिळाला' असे म्हणून आपण गप्प बसलो काय? आपण तहसील कचेरीवर मोर्चे नेले. जे धान्याला लागू, ते रक्ताला लागू नाही असे कसे म्हणता येईल? आणि धान्य निवडून तरी घेता येते.

माथाडीचा धडा

मग करावयाचे काय? नुसते 'राष्ट्रीयीकरण करा' म्हणून ठराव संमत करणे सोपे आहे. डायलिसिस ही सार्वजनिक सेवा असावी, सार्वजनिक नोकरांकरवी चालावी, हे आपले ध्येय आहेच. पण ध्येयापर्यंतचा रस्ता आजच्या परिस्थितीतून काढावा लागतो, आणि नवी मुंबईला असा रस्ता शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. वाशीच्या बाजार समितीत जावे.

पाठीवर ओझी वाहणारा हमाल एके काळी टोळीवाल्याच्या दयेवर होता. आज एक मालक, उद्या दुसरा. म्हणून मालक म्हणून जबाबदार कोणीच नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढले, पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने लढा दिला आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याचे मर्म काय होते? कामगार, मालक आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन झाले. कामगाराची नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने कामगाराला द्यावयाची. अनेक मालकांत विखुरलेली जबाबदारी कायद्याने एका ठिकाणी आणून बांधली. आज या कायद्यावर चोहोकडून हल्ले होत आहेत आणि मंडळांच्या कारभारात दोषही आहेत. तरी पन्नासाहून अधिक वर्षे टिकलेली ही रचना जगाला दाखवावी अशी आहे.

डायलिसिसच्या रुग्णाची अवस्था टोळीच्या हमालासारखीच आहे. आज या केंद्रात, खाट नसेल तर उद्या त्या केंद्रात. पैसे विमा योजनेचे, यंत्र ठेकेदाराचे, छप्पर महापालिकेचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही. म्हणून माझी सूचना अशी: नवी मुंबई आणि पनवेल या दोन महापालिकांच्या क्षेत्रासाठी डायलिसिसचे त्रिपक्षीय मंडळ असावे. त्यात रुग्णांचे निवडून आलेले प्रतिनिधी, तंत्रज्ञ व परिचारिकांचे प्रतिनिधी आणि शासन बसेल. प्रत्येक रुग्णाची नोंद मंडळाकडे राहील. तो कोणत्याही केंद्रात गेला तरी त्याची वही त्याच्याबरोबर जाईल. शासनाचे पैसे मंडळामार्फत केंद्राला मिळतील आणि ते केवळ सत्राच्या संख्येवर नव्हे, तर सत्राच्या गुणावर मिळतील. सत्रापूर्वी आणि सत्रानंतर रक्तातील युरिया तपासला तर तो किमान ६५ टक्क्यांनी उतरला पाहिजे, असा सर्वमान्य निकष आहे. दर महिन्याला ही तपासणी झाली की घड्याळाची चोरी आपोआप उघडी पडेल. तंत्रज्ञ मंडळाचे नोंदणीकृत कर्मचारी असतील, म्हणजे दोष दाखविला म्हणून त्यांची नोकरी जाणार नाही. आणि प्रत्येक मृत्यूनंतर, दोष ठरविण्यासाठी नव्हे तर कारण शोधण्यासाठी, मंडळापुढे त्याचा आढावा घेतला जाईल.

याला पैसा लागेल. तो किती लागेल यापेक्षा तो कोणाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. हे शहर सिडकोने १९७० पासून ९५ गावांच्या जमिनीवर सार्वजनिक हिताच्या नावाने वसविले. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी रस्त्यावर आला आणि पाच जणांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण दिले. वाशीतील महापालिकेच्या रुग्णालयाच्या वास्तूचा मोठा हिस्सा खासगी रुग्णालयाला भाडेपट्ट्याने दिला गेला, तोही लोकांच्याच मालकीचा. सार्वजनिक हितासाठी जमीन घेता येते, तर सार्वजनिक हितासाठी गाळणी तपासता येत नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

कार्यकर्त्यांचे काम

शेवटी कार्यकर्त्यांना दोन शब्द. गेल्या काही वर्षांत आपले बरेच बळ शिफारसपत्रे देण्यात, योजनेचे कागद जुळवून देण्यात आणि खाट मिळवून देण्यात जाते. ते काम आवश्यक आहे. अडलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगून चालत नाही. परंतु खाट मिळवून देऊन आपण परत फिरलो, तर आपण ठेकेदाराला एक सत्र मिळवून दिले एवढेच झाले. खाट मिळाल्यानंतर आपले खरे काम सुरू होते.

त्यासाठी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील केंद्राकडे पाच गोष्टी लेखी मागाव्यात. पाण्याच्या क्लोरीन तपासणीची रोजची वही आणि जंतूंच्या चाचणीचे अहवाल. प्रत्येक सत्र सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, रुग्णाच्या सहीनिशी. डायलायझर कितव्यांदा वापरला जात आहे, याची त्यावर स्पष्ट नोंद. एका पाळीला किती रुग्णांमागे किती तंत्रज्ञ आणि डॉक्टर किती वेळ हजर. आणि गेल्या बारा महिन्यांत केंद्रातील किती रुग्ण मृत्यू पावले व किती जणांना नवी कावीळ झाली, याचा आकडा. जेथे शासनाचा पैसा जातो तेथे ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. जेथे ती मिळणार नाही, तेथे नकारही लेखी घ्यावा.

दुसरे काम याहून कठीण आहे. रुग्णांची संघटना बांधावयाची. डायलिसिसचे रुग्ण थकलेले असतात, त्यांना सभा-मोर्चे झेपत नाहीत, हे खरे. पण त्यांच्या सोबत येऊन चार-चार तास बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या बायका, आया, भाऊ, मुले आहेत. ती माणसे एकाच वारी, एकाच वेळी, एकाच जागी वर्षानुवर्षे जमतात. गिरणीच्या फाटकावर सभा घेणाऱ्या आपल्या पूर्वसुरींना याहून चांगली जागा कधी मिळाली नव्हती. त्या बाकावर जाऊन बसावे, वही उघडावी आणि मागच्या वर्षी येथे बसणारी कोणकोणती माणसे आता येत नाहीत, एवढे विचारून नावे लिहून घ्यावीत. शासनाने जी मोजदाद केली नाही, ती तेथून सुरू करता येईल.